चर्चच्या पायपेटीवर साथ

पोरीचं लग्न तोंडावर आलेलं असताना आमच्या शेजारच्या सिस्टर माळ्यावरचा मोठा पितळी गंज काढायला स्टुलावर चढल्या आणि गंजासकट खाली आल्या. गंजाला काही झालं नाही. सिस्टरचा डावा हात मनगटात मोडला. आवाज ऐकून मी धावत गेले, तर या बाई मोडका हात मांडीवर धरून फरशीवर बसलेल्या आणि गंजाला कुठं पोचा आला का ते बघत होत्या. मी तिथंच ओरडले. मला काळजी वाटली की मी ओरडते, त्याला माझा इलाज नाही.

सिस्टर म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. त्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी पुलगावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांचे यजमान होते तोवर तेही सिस्टरच म्हणायचे, असं त्या स्वतः सांगतात. घरात आता त्या आणि त्यांची एकुलती एक पोरगी. पोरगीही नर्सच. लग्न झालं की आठवडाभरात ती नवऱ्याबरोबर मस्कतला जाणार होती.

आता हात मोडल्याचं खरं दुखणं मनगटात नव्हतं. डेपोच्या रस्त्यावर आमच्याकडे एक लहानसं जुनं चर्च आहे, आणि त्यात एक ऑर्गन आहे. पाइपांचा भलामोठा ऑर्गन मी फक्त फोटोत पाहिला आहे. हा तसा नाही. लाकडी, कपाटाएवढा, पायानं भाता मारायचा. त्याला सगळे पायपेटीच म्हणतात. ती गावात एकट्या सिस्टरला वाजवता येते. ज्या ज्या पोरीचं लग्न त्या चर्चमध्ये लागलं, तिला सिस्टरनीच वाजवून आत आणलं आणि वाजवून बाहेर पाठवलं. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी हात गळ्यात!

नवरदेवाकडची मंडळी नागपूरची. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "आंटी, टेन्शन मत लो, अपने पास स्पीकर है, पेनड्राइव्ह में सब कुछ है." सिस्टर त्यांना "ठीक है बेटा" म्हणाल्या, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"पेनड्राइव्हवर माह्या पोट्टीचं लगन नाई लागत. तू वाजवजो."

"मी?"

"काऊन? पेटी वाजवते ना तू?"

वाजवते. नाचणगावच्या आमच्या महिला भजनी मंडळात दर गुरुवारी मीच पेटीवर असते. पण ती पेटी मांडी घालून वाजवायची, टिफिनसारखी उचलून न्यायची. मी तसं म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "पांढऱ्या पट्ट्या पांढऱ्याच हायेत अन् काळ्या काळ्याच. इतक्या दुसऱ्यांच्या पोरी मी वाजवून पाठवल्या. माही पोट्टी मुक्यानं जाईन का?" हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मी हौ म्हणून बसले. घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "तिथं कोणाशी भांडजो नोको. देवाचं घर आहे." जसं काही मी भजनात रोज मारामाऱ्या करते.

माझी शाळा सुटल्यावर आम्ही चर्चमध्ये गेलो. मी बाकावर बसले, सिस्टर बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, प्लॅस्टरचा हात झोळीत. मी बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि माझा डावा हात सवयीनं पेटीच्या मागं गेला, भाता शोधायला. मागं भाता नव्हता. कपाटाएवढ्या पेटीला वळसा घालून हात जाणार तरी कुठं? तो बाजूच्या भिंतीला लागला, आणि वर्षानुवर्षं साठलेला चुना माझ्या चांगल्या साडीवर पडला.

"भाता खाली हाय," सिस्टर म्हणाल्या. "दोन पायडल. एक झालं की दुसरं. चालल्यावानी कर."

मी चालले. आवाज नाही. जोरात चालले. आवाज नाही. पोटऱ्या भरून आल्या.

"अवं, कुत्रं मागं लागल्यावानी काऊन धावून राह्यली?"

"बिघडलीय तुमची पेटी," मी जाहीर केलं.

"बिघडायले काय झालं तिले? स्टॉप काढ ना पहिले."

पट्ट्यांच्या वर लाकडी खुंट्यांची एक रांग होती. प्रत्येकीच्या तोंडावर पांढरी चकती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं. त्यांना स्टॉप म्हणतात. आता, मला स्टॉप म्हणजे एसटीचा माहीत. आमच्या मंडळाच्या पेटीलाही खटके आहेत, पण ते कुणीतरी कधीकाळी ओढून ठेवलेत, त्यांना कुणी हात लावत नाही. सिस्टरनी काढ म्हटलं, मी काढला. मास्तरीण आहे मी, माझ्या हातात जोर आहे. खुंटी बुडापासून निघून माझ्या मुठीत आली.

सिस्टरनी चांगला हात कपाळावर मारला. "माय वं! काढ म्हणजे बाहेर वढ. उपटायची नाई!"

खुंटी पुन्हा फिरवून बसवली. ओढली. पाय मारले. आणि त्या कपाटातून असा भरदार सूर निघाला की माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? आमची पेटी माझी लाडकी आहे, पण असा आवाज तिच्या बापानं काढला नसता.

पण हा "काढ" आम्हाला फार छळणार होता. मी जरा रंगात येऊन वाजवत होते, तेवढ्यात सिस्टर ओरडल्या, "डायापेसन काढ, डायापेसन!" मला वाटलं, जास्त झाला वाटतं. मी अर्धवटच बाहेर आलेली डायापेसनची खुंटी आत ढकलली. आवाज गप्प.

"अवं, काढ म्हटलं ना!"

"काढलाच ना!"

"घातला तू!"

आता तुम्हीच सांगा. दुधावरची साय काढ म्हटलं की साय जाते. सूर काढ म्हटलं की सूर येतो. एकच शब्द, बाई काय करणार? आम्ही दोघी त्यावर बराच वेळ भांडलो, आणि शेवटी ठरलं की "काढ" हा शब्दच चर्चमध्ये वापरायचा नाही. बँकेच्या दारावर लिहितात तसं फक्त "ओढ" आणि "ढकल". त्यातही सिस्टर "वढ"च म्हणायच्या, पण ते चालून गेलं.

मग ओळखी झाल्या. डायापेसन हा घरचा कर्ता, त्याच्याशिवाय पान हलत नाही. डुल्सियानाचा आवाज इतका बारीक की मी तिचं नाव "नवी सून" ठेवलं. एका खुंटीवर व्हॉक्स ह्युमाना लिहिलेलं. ती ओढली की आत कुठंतरी पंखा फिरतो आणि सूर थरथरायला लागतो.

"याचा अर्थ माणसाचा आवाज," सिस्टर म्हणाल्या.

"कोणत्या माणसाचा? थंडीत पवनारला धाम नदीत उभा केलेल्या?"

"मयतीत वढतात तो. लग्नात हात नाई लावायचा."

आणि तो कपलर! मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी एक पट्टी दाबली आणि तिकडे लांबची दुसरी पट्टी आपोआप खाली गेली. कुणाचं बोट नाही, काही नाही. संध्याकाळची वेळ, रिकामं चर्च, बाहेर कबरी. मी "अगं आई गं" म्हणून बाकावरून उठलेच. सिस्टर प्लॅस्टर सावरत हसत सुटल्या. "अवं, भूत नाई ते. कपलर हाय. एकाले दाबलं की जोडीदार बी खाली जाते. नवरा-बायकोवानी."

"आमच्याकडे तसं नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे एकच दबतो."

सगळ्यात अवघड निघाले गुडघे. पट्ट्यांच्या खाली, बसलं की दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, एकेक लाकडी दांडी आहे. उजवा गुडघा बाहेर ढकलला की आवाज फुगतो. डावा ढकलला की सगळे स्टॉप एकदम उघडतात. हे ज्यानं शोधलं त्याला नेसत्या साडीची कल्पना नसावी. पोरीनं गुडघे मिटून बसावं, हे ऐकत मी मोठी झाले. आईनं त्यासाठी मला चिमटे काढलेत. आणि इथं चर्चमध्ये, देवासमोर, सिस्टर सांगताहेत, "गुडघे फाकव! अजून! लाजून काय राह्यली?" मी एकदाचा धीर करून दोन्ही गुडघे बाहेर मारले, चर्च दणाणून गेलं, आणि नेमके पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, दारातून आत आले. मी गुडघे खटकन मिटले. आवाजही खटकन बारीक झाला. पाळकसाहेब म्हणाले, "वा, चढउतारात चांगला भाव आहे." सिस्टरनी झोळीत तोंड लपवलं.

असं करत करत नवरी आत येतानाची चाल बसली. मग लग्नात सगळ्यांनी मिळून म्हणायचं गीत बसवायला त्यांच्या मंडळीतल्या काही बायका आल्या. चर्चमधल्या सगळ्या लोकांना मिळून ते मंडळी म्हणतात. मला आवडलं, आमचं मंडळ, त्यांची मंडळी. मी सुरुवातीचा तुकडा वाजवला, बोटं उचलली आणि थांबले. बायका माझ्याकडे बघत उभ्या. मी बायकांकडे बघत बसले. कुणीच काही करेना.

"काऊन थांबली?" सिस्टर.

"त्या गात नाहीत."

"तू वाजवशील तवा गातील ना त्या!"

"त्या गातील तेव्हाच मी वाजवीन ना!"

आमच्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागं असतो. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की याची बोटं पडतात. तो रेंगाळला की हा रेंगाळतो. यालाच साथ म्हणतात, आणि मला ती चांगली येते, हे मी माझ्याच तोंडानं सांगते. पण इथं उलटंच. मी मंडळीची वाट बघायची, मंडळी माझी. कशीबशी सुरुवात झाली तर मी त्यांच्यासाठी सावकाश, त्या माझ्यासाठी अजून सावकाश. एक कडवं संपेपर्यंत वर्ध्याहून बस येऊन परत गेली असती.

"तुमची पेटी मागं चालते," सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "आमची पुढं चालते. तिनं कोणासाठी थांबायचं नाई. पेटी थांबली की सारं चर्च थांबते. समजून काऊन नाई राह्यली तू?"

समजत होतं हो. बोटांना समजत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच झालं आणि सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शाळेत पोट्ट्यांले अशीच शिकवते का?" झालं. माझं डोकं फिरलं. "मग लावा तुमचा पेनड्राइव्ह!" म्हणाले, चपला घातल्या आणि घरी आले.

संध्याकाळी सिस्टरची पोरगी मधल्या भिंतीवरून डोकावली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. तिच्याकडे बघितलंच नाही.

"काकू, मले पेनड्राइव्ह चालते," ती म्हणाली. "खरंच. मले काईच फरक नाई पडत. पण मम्मी घरी येऊन ओट्यावर एका हातानं वाजवून राह्यली. ओट्यावर, काकू! मी विचारलं तर म्हणते, बोटं मोकळी करून राह्यली." मग भिंतीवर हनुवटी टेकवून म्हणाली, "मी गेल्यावर तिच्या घरात कोणी नाई. त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाई. नुसतं पेटी, पेटी करते."

मी वाळलेले कपडे तिच्या हातात कोंबले, म्हटलं, "हे घडी कर," आणि चपला घालून पुन्हा सिस्टरकडे गेले. मला राग आला की तो जायलाही फार वेळ लागत नाही.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलेलं. नागपूरकर सूटबुटात, आमच्या भजनी मंडळाच्या बायका मागच्या बाकांवर नाकात नथी घालून. मी मुद्दाम सुती साडी नेसले होते, गुडघ्यांचा विचार करून. सिस्टर पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी, झोळीलाही त्यांनी त्याच रंगाचं कापड लावलेलं. नवरी दारात आली. मी डायापेसन ओढला, उजवा गुडघा लाज सोडून ढकलला, आणि चालले. मान वळवून बघितलं नाही. पाय एकसारखे, बोटं एकसारखी. पोरगी पुढं पोचली आणि चाल तिथंच संपली. मनात म्हटलं, जिंकलीस बाई.

पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. दोनच कडवी म्हणायची ठरलेली. नागपूरकरांच्या जेवणाची वेळ होत होती. मी सुरुवातीचा तुकडा वाजवला. आणि बोटं उचलली.

थांबले.

मला कळत होतं की आता मीच पुढं जायचं. देवाशपथ कळत होतं. पण बोटं पट्ट्यांच्या वर अधांतरी, कुणीतरी तोंड उघडण्याची वाट बघत. खाली पाय चालूच, भात्याचा नुसता श्वास ऐकू येतोय. सगळं चर्च उभं आणि सगळं चर्च मुकं. नागपूरकरांतला एक जण खिशात हात घालून हळूहळू स्पीकरकडे सरकायला लागला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. सिस्टर गायला लागल्या होत्या.

इतक्या वर्षांत चर्चमध्ये त्यांना गाताना कुणी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? त्या कायम पेटीवर. पाय मोजायचे, स्टॉप बघायचे, मंडळीला ओढायचं. तोंड उघडायला सवड कुठली? आज पहिल्यांदा उघडलं होतं, आणि बाप्पा बाप्पा, काय बेसूर! मी वाजवलेल्या पट्टीशी त्या आवाजाचा काही संबंध नव्हता. त्यांनी कुठून तरी वरचाच सूर धरला होता आणि तो घेऊन निघाल्या होत्या, मान ताठ करून.

आता मात्र मी माझ्या घरी होते. आमच्या मंडळाच्या मुख्य बाई दर दोन ओळींनी पट्टी सोडतात. त्यांच्या मागं धावण्यात माझं आयुष्य गेलंय. सिस्टरना खाली ओढून माझ्या सुरात आणायचं माझ्या मनातही आलं नाही. मीच माझा सूर सोडून त्यांच्या सुराकडे गेले. पहिल्या ओळीत चाचपडले, दुसऱ्या ओळीत सापडल्या. त्या सरकल्या की मी सरकले. आणि मंडळीही आमच्या मागं आली, अख्खं चर्च सिस्टरच्या त्या भलत्याच सुरात. मागच्या बाकांवरून आमच्या बायकांनी तर टाळ्यांचा ठेकाच धरला. कुणी थांबवलं नाही त्यांना.

दोन कडवी झाली. मी बोटं उचलली. सिस्टरनी तिसरं धरलं.

मी पुन्हा पट्ट्यांवर. लोकांना तिसरं पाठ नव्हतं, एकेक जण गप्प होत गेला. चौथ्याला सिस्टर एकट्याच. पहिल्यांदाच मी मान वळवली. त्या पुस्तकात बघत नव्हत्या, पाळकसाहेबांकडेही नाही. पोरीच्या पाठीकडे बघत गात होत्या. हे गीत संपलं की पाळकसाहेब विचारणार, पोरगी हो म्हणणार, आणि मग मस्कत. ते या बाईला संपवायचं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की समोरच्या पट्ट्या दिसेनात.

चौथं कडवं संपलं. पुढं कडवंच नव्हतं. मी काय केलं असेल? पहिल्या कडव्याची सुरुवात पुन्हा वाजवली. कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पाळकसाहेब खाकरले. नवरदेवाच्या आईनं घड्याळ बघितलं. पाळकसाहेबांनी थांब म्हणून माझ्याकडे एक बोट वर केलं. मी त्यांना वर्गात करते तसे डोळे केले. पाय थांबवले नाहीत. नवरी मागं वळली होती, ओढणीच्या आत हसतही होती आणि रडतही होती, काजळ पार गालावर.

दुसऱ्या ओळीच्या मधेच सिस्टरचा आवाज फुटला. त्या थांबल्या. मीही त्याच अक्षरावर थांबले. सिस्टरनी मोरपंखी झोळीला नाक पुसलं, पोरीकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला म्हणाल्या,

"बस कर वं बाई आता. पोट्टीचं लगन लागू दे."